खाटेमागची माणसे : महाराष्ट्रातील रुग्णालयीन रोजगार कसा वाचावा

ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने गट ‘क’ आणि गट ‘ड’ मधील १०,९४९ पदांची जाहिरात काढली. त्यात परिचारिका, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, कक्षसेवक अशी रुग्णालय प्रत्यक्ष चालवणारी पदे होती. याच गटांसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये घेतलेली परीक्षा पेपरफुटीमुळे अखेर रद्द करावी लागली होती. त्यामुळे ज्या जागांची गरज सरकारने स्वतःच मान्य केली होती, त्या भरण्याचे घोंगडे दोन वर्षे भिजत पडले आणि त्या काळात वॉर्डातले काम उरलेल्या माणसांनी ओढले.

एकीकडे रुग्ण दारात उभे आहेत, दुसरीकडे शिकलेली मुले-मुली नोकरी शोधत आहेत आणि मधली खुर्ची रिकामी आहे. इतर धंद्यांत मागणी वाढली की मालक माणसे घेतो आणि ती मिळेनाशी झाली की पगार वाढतो. रुग्णालयाच्या बाबतीत ही साखळी ठिकठिकाणी तुटलेली असते, कारण इथे सेवा घेणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि पदे मंजूर करणारा तिसराच असतो. महाराष्ट्रातील रुग्णालयांचा रोजगार नेमका कुठे वाढतो आहे, कुठे अडतो आहे आणि वाढला तरी तो कोणत्या अटींवर वाढतो आहे, हे समजून घ्यायचे तर आधी हा रोजगार सरकारी आकड्यांत कुठे नोंदला जातो ते पाहावे लागते.

राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ प्रसिद्ध करते. राज्याच्या सकल उत्पन्नाच्या तक्त्यात शेती, वस्तुनिर्माण, बांधकाम, व्यापार, वित्तीय सेवा असे रकाने असतात, पण ‘रुग्णालये’ असा रकाना नसतो. खासगी शिक्षण, आरोग्य, मनोरंजन आणि घरगुती सेवा यांच्यासह रुग्णालये ‘इतर सेवा’ या गटात मिसळून जातात. रोजगार मोजण्यासाठी देशपातळीवर नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण होते. त्यात उद्योगांचे जे वर्गीकरण वापरतात त्यात रुग्णालयांना ८६१ हा स्वतंत्र संकेतांक आहे, परंतु नमुना सर्वेक्षणातून एका राज्यातील एका उद्योगाचे चित्र, तेही जिल्हावार, भरवशाने काढणे अवघड असते.

मोजणीतली दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. एखाद्या रुग्णालयातील सफाई, सुरक्षा, भोजनगृह आणि धुलाई ही कामे पूर्वी रुग्णालयाच्या पगारपत्रकावरील माणसे करत. हीच कामे ठेकेदाराकडे दिली की तीच मावशी, त्याच वॉर्डात, तीच फरशी पुसत असते, पण तिची नोंद आता मनुष्यबळ पुरवणाऱ्या किंवा सफाई सेवा देणाऱ्या आस्थापनेत होऊ शकते. कागदावर रुग्णालयाचा रोजगार घटतो आणि प्रत्यक्षात एकही माणूस कमी झालेला नसतो. आशा स्वयंसेविकांचे त्याहून वेगळे आहे. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. गरोदर बाईला रुग्णालयापर्यंत आणण्यापासून क्षयरुग्णाला गोळ्या वेळेवर मिळतात की नाही हे पाहण्यापर्यंतची कामे त्या करतात. तरीही त्यांचा दर्जा कर्मचाऱ्याचा नाही, स्वयंसेविकेचा आहे, आणि त्यांना पगार नव्हे तर मानधन व कामावर आधारित मोबदला मिळतो. म्हणून ‘आरोग्य क्षेत्रात इतके लोक काम करतात’ असा आकडा वाचनात आला, की त्यात ठेकेदाराची माणसे आणि आशा धरल्या आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.

एका खाटेला किती माणसे लागतात?

हा सगळा विषय एका साध्या हिशेबावर उभा आहे, आणि तो हिशेब बहुतेक घोषणांमध्ये नसतो, म्हणून तो इथे सावकाश मांडतो.

आठवड्याचे तास १६८ असतात. एक परिचारिका आठवड्याला ४८ तास काम करते असे धरू. म्हणजे एका ठिकाणी रात्रंदिवस एक परिचारिका उभी ठेवायची असेल, तर १६८ भागिले ४८, म्हणजे साडेतीन परिचारिका नेमाव्या लागतात. पण माणूस आजारी पडतो, त्याला सण असतात, प्रसूती रजा असते, प्रशिक्षण असते. त्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत ३० टक्के रजा राखीव धरली आहे. ती मिळवली की साडेतीनचे साधारण साडेचार होतात. एका जागेवर सतत एक माणूस दिसायला हवा असेल तर पगारपत्रकावर साडेचार माणसे हवीत, हे सूत्र लक्षात ठेवले की पुढचे बरेच काही उलगडते.

आता ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय घ्या. परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. तीस खाटा भरलेल्या असतील तर प्रत्येक पाळीत सहा परिचारिका आणि नेमणुका साधारण २७. याउलट भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०१२ च्या आवृत्तीत ३० खाटांच्या सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी १० परिचारिका धरल्या आहेत, आणि आपल्याकडची ग्रामीण रुग्णालये साधारण याच जातीची आहेत. दहाला साडेचाराने भागा : एका पाळीला सरासरी दोनच्या थोडे वर. या दोघींपैकी एक प्रसूतिगृहात अडकली, की उरलेली एकटी तीस खाटांचा वॉर्ड, इंजेक्शने, सलाईन, नोंदवह्या आणि रात्री-अपरात्री आलेला सर्पदंशाचा रुग्ण सांभाळते. दहापैकी तीन पदे रिक्त असतील तर पाळीची सरासरी दीडवर येते. दीड परिचारिका प्रत्यक्षात नसते, त्यामुळे कधी दोघी असतात आणि कधी एकच.

अतिदक्षता विभागात हा हिशेब आणखी चढतो. कृत्रिम श्वसनयंत्रावरच्या रुग्णामागे एक परिचारिका हा मान्य निकष आहे. अशा दहा खाटांसाठी ४५ परिचारिका नेमाव्या लागतात. मंत्र्यांच्या हस्ते दहा खाटांच्या अतिदक्षता विभागाचे उद्घाटन झाल्याची बातमी येते तेव्हा त्या ४५ जणींची पदे मंजूर झाली का, हे बातमीत क्वचितच असते. यंत्राचा खर्च एकदाच होतो, पगाराचा खर्च दर महिन्याला आणि पुढची तीस वर्षे होतो. वित्त विभाग पहिल्याला तुलनेने लवकर होकार देतो आणि दुसऱ्याला हात आखडता घेतो, तो याच कारणाने.

मागणी का वाढते आणि मंदीत का पडत नाही?

रुग्णालयांतील कामाची मागणी वाढण्यामागची कारणे खोलवरची आहेत आणि ती कुणा एका सरकारच्या धोरणावर अवलंबून नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीच्या पुढच्या लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते, तर देशात ते ८.६ टक्के होते. वय वाढते तसे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग आणि मूत्रपिंडाचे विकार वाढतात. हे आजार एकदाच्या औषधाने संपत नाहीत. डायलिसिसला येणारा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे येतो. त्याच्यासाठी तंत्रज्ञ लागतो, परिचारिका लागते, यंत्राची निगा राखणारा लागतो.

दुसरे कारण पैशाची सोय. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे राज्यभर पसरली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०१८ नंतर ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि पुढे सर्व रहिवासी कुटुंबांना पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय झाला. त्याशिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. पूर्वी जो शेतकरी गुडघ्याचे किंवा हृदयाचे दुखणे पैशाअभावी अंगावर काढत होता, तो आता रुग्णालयात येतो. हे अत्यंत चांगले झाले, असे माझे ठाम मत आहे. पण प्रत्येक नवा रुग्ण कुणाच्या तरी पाळीतले तास घेतो, आणि सवलत जाहीर करताना ते तास कुठून येणार याची तजवीज त्याच शासन निर्णयात झालेली नसते.

या योजनांनी काही नोकऱ्या नव्यानेच जन्माला घातल्या. योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयाच्या दर्शनी भागात टेबल-खुर्ची टाकून बसणारा ‘आरोग्यमित्र’ हे त्याचे ठळक उदाहरण. शिधापत्रिका आणि आधार तपासणे, ऑनलाइन नोंद करणे, उपचाराच्या मंजुरीची फाइल पुढे सरकवणे, घाबरलेल्या नातेवाइकाला कोणता कागद राहिला आहे ते समजावणे ही त्याची कामे. मोठ्या खासगी रुग्णालयात विमा कंपन्यांशी पत्रव्यवहार करणारा स्वतंत्र कक्षच असतो. २०१४ मध्ये सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांची होती. प्रत्येक गाडीवर चोवीस तास डॉक्टर आणि चालक ठेवायचा म्हटल्यावर वरचेच सूत्र लावून पाहा : किती बीएएमएस (आयुर्वेद) पदवीधरांना आणि चालकांना काम मिळाले असेल याचा अंदाज येईल. यातली बहुतेक माणसे रुग्णालयाच्या पटावर नाहीत.

तंत्रज्ञान आले की माणसे कमी होतात, हा कारखान्यांतला अनुभव इथे फारसा लागू पडत नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम बाउमोल यांनी १९६० च्या दशकात याची मीमांसा केली. ज्या कामात माणसाचा वेळ हाच उत्पादनाचा गाभा असतो, तिथे उत्पादकता सावकाश वाढते. बाकीच्या क्षेत्रांत यंत्रांमुळे पगार वाढत गेले की या क्षेत्रालाही माणसे टिकवण्यासाठी पगार वाढवावे लागतात आणि सेवा महागत जाते. मुंबईच्या परळमध्ये हे प्रत्यक्ष पाहायला मिळते. त्या भागात एकीकडे कापड गिरण्या होत्या, दुसरीकडे १९२६ चे केईएम, १९२९ चे मुलांसाठीचे वाडिया आणि १९४१ चे टाटा मेमोरियल. गिरणीतला एक कामगार सुधारित यंत्रमागावर पूर्वीच्या कित्येक पट कापड काढू शकत होता. भाजलेल्या रुग्णाची मलमपट्टी बदलायला मात्र केईएममध्ये १९२६ साली लागायचा त्याहून फार कमी वेळ आजही लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचा रोजगार ओसरत गेला आणि त्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. रुग्णालये जागेवर राहिली आणि त्यांच्यातले काम वाढतच गेले. कापड भिवंडीत किंवा सुरतेत विणून मुंबईत विकता येते, पण मुंबईतल्या बाळंतिणीची सेवा मुंबईतच करावी लागते.

म्हणूनच मंदीच्या काळात रुग्णालयांचा रोजगार इतर उद्योगांइतका कोसळत नाही. बांधकाम थांबले, गाड्यांची विक्री घटली, तरी अपघात, प्रसूती आणि पक्षाघात थांबत नाहीत. याला २०२० चा अपवाद आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत ठरवून करायच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, अनेक लहान नर्सिंग होमचे बाह्यरुग्ण विभाग बंद झाले, त्यांचे उत्पन्न आटले आणि तिथल्या माणसांचे पगार रखडले. त्याच आठवड्यांत कोविड रुग्णालयांना माणसे मिळेनात. मे २०२० मध्ये महाराष्ट्राने केरळकडे डॉक्टर आणि परिचारिका पाठवण्याची विनंती केली. एकाच शहरात एका टोकाला परिचारिका घरी बसलेली आणि दुसऱ्या टोकाला परिचारिकांचा दुष्काळ, अशी ती अवस्था होती. कोविडसाठी तीन-तीन महिन्यांच्या करारावर घेतलेल्या असंख्य जणांना लाट ओसरताच कमी करण्यात आले, आणि त्यांनी मिळवलेला अतिदक्षतेचा अनुभव टिकवून ठेवण्याची संधी बऱ्याच अंशी हातची गेली.

मंजूर, भरलेले आणि रिक्त

सरकारी रुग्णालयाच्या रोजगाराची चर्चा करताना ‘आकृतिबंध’ हा शब्द समजून घेणे आवश्यक आहे. कोणत्या संस्थेत कोणत्या संवर्गाची किती पदे असतील, याचा शासनमान्य आराखडा म्हणजे आकृतिबंध. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचे ‘श्रेणीवर्धन’ करून ते ५० किंवा १०० खाटांचे उपजिल्हा रुग्णालय करायचे ठरले, तर इमारतीची मंजुरी एका वाटेने जाते आणि पदनिर्मितीची फाइल दुसऱ्या वाटेने. इमारत आधी पूर्ण होते. मग कधी जुन्याच माणसांवर नवी इमारत चालवली जाते, कधी शेजारच्या तालुक्यातून प्रतिनियुक्तीवर माणसे आणली जातात, आणि तिथले रुग्णालय उघडे पडते. पदे मंजूर झाल्यानंतरही बिंदुनामावली (म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे, याची यादी), जाहिरात, परीक्षा, कागदपत्र पडताळणी हे टप्पे असतात, आणि तोवर आणखी काही जण निवृत्त झालेले असतात.

या कामाला एकच खाते नाही, हीही अडचण आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि शहरांतली रुग्णालये महापालिकांकडे. नव्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी अनेकदा जिल्हा रुग्णालयच वैद्यकीय शिक्षण विभागाच्या ताब्यात दिले जाते. तेव्हा तिथली माणसे कोणत्या विभागाची, त्यांची सेवाज्येष्ठता कुठे धरायची, हे प्रश्न वर्षानुवर्षे चिघळत राहतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ अशा दहा ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा प्रारंभ झाला आणि एमबीबीएसच्या ९०० जागा वाढल्या. या जिल्ह्यांना डॉक्टरांची गरज आहे, यात शंका नाही. परंतु विद्यार्थ्यांची जागा एका अधिसूचनेने निर्माण होते, तर शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. जुन्या महाविद्यालयांतून अध्यापक हलवून नवी सुरू करायची, तर एकूण संख्या तेवढीच राहते.

याची किंमत किती जीवघेणी असू शकते हे नांदेडने दाखवले. तिथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या काळात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले आणि त्यांत १२ नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि औषधखरेदीबरोबरच मंजूर आणि भरलेल्या पदांचा तपशील शासनाकडे मागितला. प्रत्येक मृत्यूचे कारण वेगळे असते आणि दूरवरून अत्यवस्थ होऊन आलेल्या रुग्णांचा भार अशा रुग्णालयांवर असतो, हे खरेच आहे. पण न्यायालयाला औषधांबरोबर रिक्त पदांचा तक्ताही पाहावासा वाटला, यातच या विषयाचे गांभीर्य आहे.

कायमची भरती अडली की तिची जागा कंत्राट घेते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हापासून वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, समुपदेशक, तंत्रज्ञ, लेखापाल अशी मोठी फौज अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकांवर उभी राहिली. मधे एखाद-दोन दिवसांचा खंड आणि पुन्हा नवा आदेश, असे करत कुणी पंधरा वर्षे काढली. या माणसांना मेळघाटातल्या किंवा धडगावातल्या वस्त्यांची नस माहीत असते, तरीही घरासाठी कर्ज घ्यायला बँकेत गेले तर त्यांच्याकडे दाखवायला स्थायी आदेश नसतो. यापुढची पायरी म्हणजे बाह्यस्रोत, म्हणजे माणूसच खासगी कंपनीकडून घेणे. मे २०२२ च्या अखेरीस शासकीय रुग्णालयांतील परिचारिका संपावर गेल्या, त्यामागे बाह्यस्रोताने परिचारिका घेण्याला असलेला विरोध हे एक प्रमुख कारण होते. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने तर सर्वच विभागांना मनुष्यबळ पुरवण्यासाठी नऊ संस्था नेमल्या होत्या. त्यावर इतका असंतोष उसळला की पुढच्याच महिन्यात तो निर्णय मागे घ्यावा लागला.

कंत्राटाची पद्धत सरसकट वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ठरावीक मुदतीच्या लसीकरण मोहिमेसाठी ती योग्यच आहे. पण वॉर्डातील रात्रपाळी हे कधीही न संपणारे काम आहे आणि कधीही न संपणाऱ्या कामाला अकरा महिन्यांचा माणूस नेमणे हिशेबाला धरून नाही. प्रत्येक वेळी तो माणूस गेला की त्याच्या बरोबर त्याला शिकवण्यावर घालवलेले महिनेही जातात.

खासगी रुग्णालयांतले पगार

महाराष्ट्रात रुग्णालयीन उपचारांचा मोठा भाग खासगी क्षेत्र पेलते, आणि खासगी म्हटले की डोळ्यांसमोर येणारी काचेची बहुमजली रुग्णालये हा त्याचा एक लहानसा भाग आहे. तालुक्याच्या गावात डॉक्टर दांपत्याने चालवलेले दहा-वीस खाटांचे नर्सिंग होम हे इथले नेहमीचे दृश्य. तिथे रात्री मुक्कामी असलेले निवासी डॉक्टर बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतात, आणि ‘सिस्टर’ म्हणून हाक मारल्या जाणाऱ्या मुलींपैकी काही नोंदणीकृत परिचारिका, तर काही कामातूनच शिकलेल्या असतात. अशी रुग्णालये १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली येतात. नियमांत पात्र परिचारिका ठेवण्याची अट आहे, पण तपासणारी यंत्रणा तुटपुंजी आहे.

पगाराचा प्रश्न इथे सर्वांत बोचरा आहे. सातव्या वेतन आयोगानंतर शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिकेचे (स्टाफ नर्सचे) मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते आणि वर भत्ते असतात. खासगीत, विशेषतः लहान गावांत, तितकेच शिकलेल्या मुलीला याच्या निम्मेही मिळत नाही, अशी उदाहरणे सहज सापडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने यावर शिफारशी केल्या. २०० पेक्षा अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य शासनाइतका पगार, १०० ते २०० खाटांत फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर पंचवीस टक्के कमी आणि त्याहून लहान रुग्णालयांत किमान २०,००० रुपये. केरळमध्ये परिचारिकांच्या संघटनांनी रस्त्यावर उतरून दबाव आणला आणि तिथल्या शासनाने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली. महाराष्ट्रात त्या शिफारशींना तसे बळ मिळाले नाही.

रुग्णालय चालवणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. सरकारी योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर ठरलेला असतो आणि तो बराच काळ बदलत नाही. औषधे, वीज, प्राणवायू, यंत्रांचे हप्ते यांत काटछाट करायला वाव कमी असतो. उरतो तो पगार. शिवाय योजनेचे पैसे उशिरा आले तर तोंडमिळवणी सर्वांत आधी पगाराच्या तारखेशी करावी लागते. म्हणजे शासन उपचाराचा दर ठरवते तेव्हा ते नकळत परिचारिकेचा पगारही ठरवत असते. दर ठरवणाऱ्या समितीने मनुष्यबळाचा खर्च स्वतंत्रपणे धरला आणि तो नेमलेल्या पात्र माणसांच्या संख्येशी बांधला, तर हा पेच बऱ्याच अंशी सुटू शकेल, असे मला वाटते.

रुग्णालय गावाला काय देते, हे मिरजेत पाहावे. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी तिथे १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले आणि त्याला जोडून शिक्षणही सुरू केले. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि रेल्वे जंक्शन असल्याने उत्तर कर्नाटकातून रुग्ण येत राहिले. आज तिथे रुग्णालयांच्या भोवती औषधांची दुकाने, तपासणी केंद्रे, नातेवाइकांसाठी लॉज, खाणावळी, रिक्षा असा मोठा पसारा आहे, आणि तो कानडी-मराठी दोन्ही बोलणाऱ्या माणसांच्या हाती आहे. साखर कारखान्याचा हंगाम संपतो, पण रुग्णालयाला हंगाम नसतो. मात्र असे गाव ठरवून वसवता येत नाही. तिथे शिकलेले डॉक्टर तिथेच राहिले आणि त्यांनी पुढची पिढी घडवली, म्हणून ते घडले. गडचिरोली किंवा नंदुरबारला एखादी इमारत बांधल्याने मिरज होत नाही. तिथे नेमलेल्या माणसाला राहायला घर, मुलांना शाळा आणि जोडीदाराला काम मिळते का, यावर तो टिकतो की बदलीसाठी खटपट करतो हे ठरते. आदिवासी भागांत भरारी पथकांचे मानसेवी डॉक्टर वर्षानुवर्षे मानधनावर ज्या निष्ठेने वस्त्या पालथ्या घालत आले, त्या निष्ठेवर आपण फार काळ विसंबून राहिलो.

आता या सगळ्यात एक नवा भिडू आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि त्यातल्या क्षेत्रांमध्ये परिचर्या आहे. जर्मनीत म्हाताऱ्यांची संख्या वाढली आहे आणि त्यांची शुश्रूषा करणारे हात कमी पडत आहेत. लातूर किंवा चंद्रपूरच्या परिचारिकेने जर्मन भाषा शिकून तिकडे जावे आणि कुटुंबाची परिस्थिती पालटावी, यात गैर काहीच नाही. केरळातल्या हजारो घरांनी हेच केले, आणि मुंबई-पुण्यातल्या रुग्णालयांना दशकानुदशके सांभाळणाऱ्या मल्याळी परिचारिकाही आता आखातात आणि युरोपात जाऊ लागल्या आहेत. मात्र बाहेरून मागणी येते ती दोन-चार वर्षांचा अनुभव असलेल्यांना, आणि अतिदक्षता विभाग नेमका त्यांच्याच भरवशावर चाललेला असतो. तिथून एक जण गेली तर नव्या मुलीच्या बीएससी नर्सिंगला चार वर्षे लागतात आणि श्वसनयंत्रावरचा रुग्ण एकटीने सांभाळण्याइतका हात बसायला आणखी एक-दोन वर्षे जातात. या वर्षी प्रवेश घेणाऱ्या मुली साधारण सहा वर्षांनी त्या जागी उभ्या राहतील. तोवर नव्या दहा महाविद्यालयांच्या रुग्णालयांना लागणाऱ्या परिचारिका आज सेवेत असलेल्यांमधूनच मिळवाव्या लागतील, आणि त्या इथेच राहतील की नाही हे त्यांच्या पगारावर आणि नेमणूक कायम आहे की अकरा महिन्यांची, यावर ठरेल.